बॉनेट गंजलंच पाहिजे

जुलै लागला तरी बॉनेट गंजायला तयार नव्हतं.

आमचे जनरल मॅनेजर दोशीसर छत्री धरून पार्किंगमध्ये उभे होते. समोर भिंतीला पांढरं बॉनेट टांगलेलं. बॉनेट म्हणजे गाडीच्या इंजिनावरचं झाकण. पावसाचं पाणी त्यावरून घरंगळत होतं, डाव्या बाजूवरून आणि उजव्या बाजूवरून, अगदी सारखंच. सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. उजव्या बाजूला नाक लागेल इतके जवळ गेले. मग माझ्याकडे वळले.

"गुरव, इसमें कुछ गडबड है. हे गंजत का नाही?"

मी बॉडी शॉपचा इनचार्ज. बॉडी शॉप म्हणजे डेंटिंग-पेंटिंगचा विभाग. ठोकलेल्या, घासलेल्या, गंजलेल्या गाड्या तिथे येतात. माझं सगळं आयुष्य गंज काढण्यात गेलं होतं. पत्रा गंजत नाही अशी तक्रार घेऊन माझ्याकडे पहिल्यांदाच कोणी आलं होतं, आणि तो माझा साहेब होता.

ही गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. मीरा रोडला हायवेच्या कडेला आमची डीलरशिप होती. पुढे काचेचं शोरूम, मागे वर्कशॉप. मी पेणकरपाड्यात राहायचो, मूळचा संगमेश्वरचा. त्या काळात मीरा-भाईंदरमध्ये रोज नवी बिल्डिंग उभी राहत होती, आणि प्रत्येक बिल्डिंगमधून कोणी ना कोणी पहिली गाडी घ्यायला येत होतं. पहिली गाडी घेणारा माणूस हळवा असतो. गाडीला हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि त्या दिवशी त्याला काहीही विकता येतं.

आमच्याकडे त्याला 'सुरक्षा पॅक' विकायचे. यात तीन गोष्टी होत्या. वरून पेंटवर एक कोटिंग, ज्याला सगळे टेफ्लॉन म्हणायचे. खालून अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला फासलेला डांबरासारखा काळा थर. आणि दाराच्या, बॉनेटच्या आतल्या बाजूला गंज लागू नये म्हणून मारायचा एक चिकट स्प्रे. टेफ्लॉन म्हटलं की बायकांना तवा आठवायचा. एका बाईंनी विचारलं होतं की गाडीला मग लाकडी उलथनंच वापरायचं का. हे पॅक विकायचं काम ॲक्सेसरी काउंटरवरच्या रूपालीचं. मुलगी हुशार होती, बोलायला गोड होती. अडचण एवढीच होती की तिचं काउंटर सेल्सच्या टेबलाला लागून होतं.

सेल्सवाला गिऱ्हाइकाला सांगायचा, "सर, कंपनीची बॉडी आहे. वर्षानुवर्षं गंज धरणार नाही." गिऱ्हाईक खूश होऊन पैसे भरायचं आणि खुर्ची वळवून रूपालीसमोर बसायचं. रूपाली सांगायची, "सर, आपल्याकडे खाडी आहे, समुद्र आहे. पॅक नाही घेतलं तर गाडी गंजणार." एका खुर्चीत गाडी अमर, खुर्ची वळवली की मरणाच्या दारात.

बरेच लोक गडबडून पॅक घ्यायचे. सावंत पतिपत्नींनी घेतलं नाही. सावंतसाहेब बँकेतून रिटायर झालेले, गिरगावातली खोली विकून मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कला आलेले. त्यांनी सेल्सवाल्याचं आणि रूपालीचं, दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. मग बाईंनी पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या की तुम्ही दोघं आधी आपसात ठरवा, आम्ही तोवर चहा घेतो. त्यावरून सेल्सवाला आणि रूपालीमध्ये उडालेला गलका ऐकून दोशीसर केबिनमधून बाहेर आले. सावंतसाहेबांनी त्यांना साधा प्रश्न विचारला. पॅक न घेतलेली गाडी गंजते, हे तुम्ही स्वतः पाहिलंय का? सर म्हणाले, शंभर टक्के. सावंतसाहेब म्हणाले, मग मलाही दाखवा. दिसलं की त्याच दिवशी पॅक घेतो.

ते गाडी घेऊन गेले, पॅक न घेता. पण दोशीसरांच्या डोक्यात किडा शिरला. त्यांनी मला बोलावून घेतलं. एक बॉनेट घ्यायचं. मधोमध रेघ. अर्ध्या भागाला पॅक, अर्धा भाग कोरा. उघड्यावर ठेवायचं. पावसाळ्यानंतर कोरा भाग गंजलेला, पॅकवाला भाग चकाचक. दिवाळीच्या आधी तेच बॉनेट शोरूमच्या मधोमध ठेवून पॅकच्या नव्या काउंटरचं उद्घाटन. शेठना त्यांनी हे सांगूनही टाकलं होतं. शेठ म्हणजे डीलरशिपचे मालक. त्यांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी झोनल ऑफिसच्या, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विभागीय कचेरीच्या, खन्नासाहेबांना फीत कापायला बोलावलं.

मी सरांना तेव्हाच म्हटलं होतं की हे अवघड जाईल. त्यांना वाटलं मी काम टाळतोय.

अवघड का, ते सांगतो. फॅक्टरीत गाडीचा अख्खा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवतात. प्रायमर म्हणजे रंगाच्या आधीचा थर. टाकीत वीज सोडलेली असते, त्यामुळे प्रायमर कानाकोपऱ्यात जाऊन पत्र्याला घट्ट धरतो. बटाटेवडा पिठात बुडवतात तसंच, फक्त पीठ कुठेही सुटत नाही. मग भट्टीत भाजतात. त्यावर रंग, रंगावर काचेसारखा पारदर्शक क्लिअर कोट, पुन्हा भट्टी. एवढं झाल्यावर आम्ही डीलरशिपमध्ये कापडाने जे काही चोळतो, ते म्हणजे लग्न लागून गेल्यावर टाकलेल्या अक्षता. चांगलं दिसतं. थोडे महिने चमक असते, धूळ लवकर निघते. पण गंज थांबवायचं काम आधीच कोणीतरी करून ठेवलेलं असतं.

हे सगळं मला माहीत असलं तरी बॉनेट लावायला मी मनापासून मदत केली. कारण डॉमनिक.

डॉमनिक आमचा पेंटर. उत्तनजवळच्या पालीचा कोळी, हात सोन्यासारखा. पण पेंट बूथ ही बंद खोली असते, आणि तिथल्या वाफेने त्याला खोकला धरला होता. डॉक्टरांनी बूथमध्ये जायला मनाई केली. म्हणून सुरक्षा पॅकची कोटिंग बे सुरू झाली तेव्हा मी त्याला तिकडे हलवलं. कोटिंग बे म्हणजे तीन बाजूंनी उघडी शेड. तिथे त्याचा खोकला खूपच कमी झाला. पॅक खपलं नाही तर बे बंद होणार आणि डॉमनिक पुन्हा बूथमध्ये, हे त्याला ठाऊक होतं. त्यामुळे ते बॉनेट गंजावं अशी त्याची जेवढी इच्छा होती, तेवढी दोशीसरांचीसुद्धा नसेल. येता-जाता तो त्याच्याकडे अशा नजरेने बघायचा, जसं नापास होणाऱ्या मुलाकडे बघावं.

ट्रेलरमधून उतरवताना कोपरा चेपलेलं एक नवं बॉनेट आमच्याकडे पडून होतं. तेच घेतलं. डॉमनिकने डाव्या भागाला वरून-खालून पॅक लावलं, उजवा भाग कोरा ठेवला. रूपालीने 'सुरक्षा पॅक' अशी निळी पाटी करून घेतली होती. ती डाव्या भागावर चिकटवली, पण पाऊस आला की ती सुटायची. शेवटी ॲक्सेसरी फिटरने ड्रिल आणलं, बॉनेटला दोन भोकं पाडली आणि पाटी स्क्रूने बसवली. नवीन गाडीला चाकामागचे मडफ्लॅप बसवताना, नंबरप्लेट बसवताना तो हेच करायचा.

आणि आम्ही वाट पाहू लागलो.

पहिले काही आठवडे डावी बाजू जास्त चमकत होती. दोशीसर गिऱ्हाइकांना बाहेर नेऊन दाखवायचे. पाऊस सुरू झाला, हायवेचा चिखल उडाला, आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसू लागल्या. तेवढ्यात सावंतसाहेबांनी फेऱ्या सुरू केल्या. सकाळी फिरायला निघायचे ते थेट आमच्या पार्किंगमध्ये. बॉनेटवर बोट फिरवायचे, बोट बघायचे आणि वॉचमनला "अजून नाही" असं सांगून निघून जायचे.

सर म्हणाले, निसर्गाला थोडी मदत करू. रूपालीने कँटीनमधून मीठ आणलं. डॉमनिक रोज सकाळी बादलीत मीठ कालवून उजव्या बाजूवर शिंपडायचा. कँटीनवाला महाराज चिडला. त्याच्या डाळीत मीठ कमी पडायला लागलं आणि वर्कशॉपची पोरं त्याला बोलू लागली. त्याने येऊन बॉनेट पाहिलं. नीट पाहून झाल्यावर म्हणाला, इतना नमक मैं खाता तो मैं गंज जाता.

बॉनेट जसंच्या तसं होतं. सुरुवातीला सांगितलं त्या दिवशी सर छत्री घेऊन पाहायला आले आणि मला गडबड काय आहे ते विचारू लागले.

मी त्यांना पुन्हा एकदा वडा आणि पिठाचं समजावलं. ते म्हणाले, मग स्क्रॅच कर. पत्र्यापर्यंत. मी म्हटलं, चालेल, पण दोन्ही बाजूंना सारखाच करायला हवा. दगड लागताना पॅक आहे की नाही ते बघून लागत नाही. सर म्हणाले, फक्त उजव्या बाजूला. मी म्हटलं, मग हा कोटिंगचा डेमो नाही, खिळ्याचा डेमो झाला, आणि सावंतसाहेब रोज बोट फिरवतात, त्यांना ओरखडा लगेच कळेल. सावंतसाहेबांचं नाव काढलं की सर विषय बदलायचे.

तोडगा डॉमनिकनेच काढला. त्याचं घर पालीला, समुद्राच्या तोंडावर. तिकडच्या खाऱ्या वाऱ्यात सायकलीसुद्धा टिकत नाहीत, तर बॉनेट काय टिकणार. पावसाळाभर त्याच्या अंगणात ठेवू. सरांचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतः टेंपो दिला.

पालीत टेंपो गल्लीच्या तोंडाशीच अडला. आत दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तरी भांडण होतं, तिथे टेंपो कुठला जाणार. मी आणि डॉमनिकने बॉनेट डोक्यावर घेतलं आणि चालत निघालो. वरून पाऊस. बॉनेटखाली आम्ही मात्र कोरडे. लोक दारात येऊन बघत होते. एका म्हाताऱ्याने टोपी काढून विचारलं, अपघात कुठं झाला, माणसं वाचली का. डॉमनिक म्हणाला, अपघात नाही. मग गाडी कुठाय? गाडी नाही, एवढंच आहे. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की डॉमनिकने गाडी घेतलीय, पण ती हप्त्याहप्त्याने येतेय. पुढे महिनाभर त्याला लोक विचारत होते की दारं कधी येणार.

त्याची आई फिलूमावशी पडवीत जाळं शिवत बसली होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. साहेबांना हे गंजलेलं पाहिजे, म्हणून तुमच्याकडे ठेवतोय. तिने सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"गंज पायजे? आमच्याकडं फुकट हाय. पन गंज लावाला पगार देतात का रं तुमाला?"

मी म्हटलं, सध्या तेच काम आहे. तिने खिडकीचे गज दाखवले. बोट लावलं तर पापुद्रे निघत होते. मला फार आशा वाटली. आम्ही बॉनेट अंगणात दोन पिंपांवर उताणं नाही, पालथं नाही, थोडं उतरतं ठेवलं, गाडीवर असतं तसं. तोंड समुद्राकडे. सरांना फोन करून सांगितलं की काम झालं म्हणून समजा.

त्यानंतर मी कामात बुडालो. पावसाळ्यात बॉडी शॉपला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याच सुमाराला पॅक घेतलेली एक गाडी आली. तक्रार अशी की दार उघडलं-मिटलं की आत पाणी डचमळतंय. आमच्या बेमध्ये कुणीतरी स्प्रे इतक्या उत्साहाने मारला होता की दाराच्या खालची भोकं बुजली होती. काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच. ते निघून जावं म्हणून कंपनी खाली भोकं ठेवते. आम्ही गंज लागू नये म्हणून तीच बंद केली होती. दाराची टाकी झाली होती. डॉमनिकने तारेने भोकं मोकळी केली तेव्हा बादलीभर पाणी निघालं. त्यानंतर तो प्रत्येक गाडीची भोकं स्वतः तपासू लागला.

ऑक्टोबरात खन्नासाहेबांची तारीख ठरली. मी टेंपो घेऊन पालीला गेलो. डॉमनिकने काही आठवड्यांपूर्वीच सांगायला हवं होतं, पण त्याने मला काहीच सांगितलं नव्हतं. तो टेंपोत शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होता.

बॉनेटवर मांदेली सुकत होती. डाव्या भागावर, उजव्या भागावर, मधल्या रेघेवरसुद्धा. पाऊस उघडल्यावर फिलूमावशीला ऊन लागणारी, थोडी उतरती, जमिनीपासून उंच अशी जागा आयतीच मिळाली होती. मांजर पोचत नाही, वाळू लागत नाही. तिने बॉनेटच्या पायाशी दगडसुद्धा रचून घेतले होते.

मी मासळी थोडी बाजूला सारून उजवी बाजू पाहिली. पांढरी शुभ्र. बोटाने चोळलं, नखाने ओरखडलं. काही नाही. ज्या अंगणात खिडकीचे गज पापुद्र्यांनी गळत होते, त्याच अंगणात आमचं कोरं बॉनेट अंघोळ केल्यासारखं स्वच्छ होतं.

मग डावी बाजू पाहिली. तिथे गंज होता.

'सुरक्षा पॅक' या पाटीच्या दोन स्क्रूंपासून तपकिरी ओघळ निघाले होते आणि खालच्या कडेपर्यंत गेले होते. ड्रिलने पाडलेल्या भोकात पत्रा उघडा पडला होता. खारं पाणी नेमकं तिथे मुरलं होतं. पाटीच्या अक्षरांखाली ते ओघळ असे दिसत होते, जणू पाटीच रडतेय.

डॉमनिकने शेवटची आशा म्हणून आईला विचारलं की निदान एका बाजूला मासळी कमी चिकटते का. मावशी म्हणाली, "मासलीला काय कलतंय, पॅकेजवाली बाजू कंची?"

बॉनेट द्यायला ती तयार नव्हती. मासळी अर्धी सुकली होती. आम्हाला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं, आणि बदल्यात एक भंगारातलं बॉनेट देईन असं कबूल करावं लागलं.

वर्कशॉपमध्ये आम्ही ते शाम्पूने धुतलं. पुन्हा धुतलं. लिंबू चोळलं. लांबून वास येत नव्हता. शोरूममध्ये नेलं, एसी लावला, आणि वास सगळीकडे पसरला. रिसेप्शनवरच्या मुलीने रुमाल नाकाला लावला. दोशीसर बॉनेटसमोर बराच वेळ उभे राहिले. खन्नासाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते.

मग सर कामाला लागले. पहिली सूचना, पाटी काढून उजव्या बाजूला लावा. मी म्हटलं, भोकं आणि ओघळ डावीकडेच राहतील, आणि ती बाजू कोरी म्हणून दाखवली तरी उजवीकडे पाटी लावायला पुन्हा ड्रिल लागेल. दुसरी सूचना, डावी बाजू साफ करून पुन्हा रंगवा, उजवीकडे गंज आणा. डॉमनिक नम्रपणे म्हणाला, "सर, गंज आजच्या आज येत नाही. मी पावसाळाभर बघतोय."

सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये नेलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"गुरव, ब्राऊन पेंट आहे ना आपल्याकडे?"

गिऱ्हाइकाच्या गाडीवरचा गंज काढून वर रंग मारायचा, हे मी रोज करत होतो. गंज रंगवायची ऑर्डर पहिल्यांदाच मिळत होती. डॉमनिक माझ्याकडे बघत होता. त्याने हो म्हटलं असतं, आणि त्याच्या हाताने तो गंज इतका खरा रंगवला असता की खऱ्या गंजाला लाज वाटावी. मी सरांना म्हटलं, पेंट आहे, पण मी देणार नाही. उद्या सावंतसाहेब येणार, रूपालीने त्यांना बोलावलंय. ते नखाने खरवडून बघतील, आणि खरवडल्यावर खालून पांढरा रंग निघाला तर खन्नासाहेबांसमोर आपण काय सांगणार? सर खुर्चीत बसले. थोड्या वेळाने म्हणाले की निदान अगरबत्ती तरी लावा.

सकाळी बॉनेटवर लाल मखमली कापड टाकलं होतं. चारही कोपऱ्यांना अगरबत्त्या. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की शोरूममध्ये कोणीतरी वारलंय. शेठ आले, खन्नासाहेब आले, सावंत पतिपत्नी पुढच्या रांगेत येऊन बसले. सरांनी भाषण इतकं लांबवलं की अगरबत्त्या संपल्या. मग नाइलाजाने कापड ओढलं.

खन्नासाहेबांनी आधी नाक वर केलं, मग वाकून पाहिलं. कोऱ्या बाजूवर तळहात फिरवला. हे कुठे ठेवलं होतं, असं त्यांनी हिंदीत विचारलं. सर लाल कापडाची घडी घालायला लागले. म्हणून मी सांगितलं, पालीला, समुद्रासमोर, जुलैपासून पावसाळा संपेपर्यंत. त्याआधी आम्ही रोज मिठाचं पाणीही मारत होतो. खन्नासाहेबांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. त्यांनी शेठच्या पाठीवर थाप मारली.

"सेठजी, ये तो कमाल है. हमारे पेंट का इससे बड़ा सबूत नहीं मिलेगा."

शेठना काहीच कळलं नाही, पण थाप पडल्यावर ते हसले. खन्नासाहेबांनी मग डाव्या बाजूकडे बोट केलं आणि विचारलं, इकडे काय झालं, इकडे काही लावलं होतं का?

पुढच्या रांगेतून सावंतसाहेब शांतपणे म्हणाले, "त्या बाजूला पॅक लावलंय."

दोशीसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं तेच सांगितलं. पॅकमुळे गंज आलेला नाही. पॅकने तो थांबला मात्र नाही. पाटी लावायला आम्ही ड्रिल मारलं, तिथे पत्रा उघडा पडला, तिथूनच तो सुरू झाला. बाकी दोन्ही बाजू सारख्याच आहेत. खन्नासाहेबांनी मान हलवली आणि फिटर कोण आहे ते विचारलं. फिटर मागच्या दाराने निघून गेला होता.

कार्यक्रम तिथेच आटोपला. सगळे ढोकळा खायला गेले. सावंतसाहेबांनी बायकोला हळूच विचारलं की आता तरी पॅक घ्यायचं का, वर थोडी चमक तर येते. बाई म्हणाल्या, "आपल्याला काय मासे सुकवायचेत?"

निकाल असा लागला. खन्नासाहेबांच्या आग्रहावरून ते बॉनेट सेल्सच्या टेबलामागे लागलं, 'काहीही न लावता, समुद्रासमोर एक पावसाळा' अशी पाटी घेऊन. ही पाटी दोरीने बांधली. वास महिनाभरात गेला. रूपालीच्या काउंटरला आता समोरच पुरावा टांगलेला, त्यामुळे तिने आपलं बोलणं बदललं. चमक हवी असेल तर कोटिंग घ्या, थोडे महिने टिकेल, दर वर्षी पॉलिश केलं तरी तेवढंच होतं, असं ती सरळ सांगायची. उत्तन-पालीसारखं अगदी समुद्राकाठी राहत असाल आणि गाडी वाळूतून जात असेल, तर खालचं कोटिंग उपयोगी पडतं, कारण पोटाला दगड लागतात. पॅक कमी खपलं. तक्रारी त्याहून कमी झाल्या. दोशीसर सीट कव्हरांकडे वळले. सीट कव्हर गंजत नाही आणि कोणी त्याचा पुरावा मागत नाही.

माझी काळजी डॉमनिकची होती. बे बंद करायची चर्चा सुरू झाली तेव्हा मी शेठना दाराची टाकी झालेल्या त्या गाडीची आठवण करून दिली. पावसाळ्यानंतर गाड्या खालून धुऊन द्यायच्या, दाराची भोकं मोकळी करायची, दगडाने उडालेले टवके टचअप करायचे, एवढंच काम आपण चांगलं केलं तर लोक येतील, असं म्हटलं. शेठना टवके हा शब्द कळला नाही, पण कामाला पेंट बूथ लागत नाही आणि गिऱ्हाईक दर वर्षी येतं, हे कळलं. बे चालू राहिली. पुढच्या पावसाळ्यानंतर सावंतसाहेब गाडी घेऊन आले. तासभर खुर्ची टाकून डॉमनिकचं काम बघत बसले.

आता मी रिटायर झालोय. नात्यात कोणी गाडी घेतली की फोन येतो, शोरूमवाला कोटिंग घ्या म्हणतोय, घेऊ का. मी सांगतो, हौस असेल तर घ्या, भीतीने घेऊ नका. पावसाळा संपला की गाडी खालून धुवा. कुठे टवका उडाला तर दिवाळीची वाट बघू नका. कोणी ड्रिल घेऊन जवळ आलं तर किल्ली खिशात घालून त्याला चहा पाजा. समोरचा फारच घाबरलेला असेल तर एवढंच जोडतो की नवी गाडी गंजायला वर्षानुवर्षं लागतात. विकणाऱ्याला तेवढा धीर नसतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी गंजाचं बोलतो.